पालथे हात

ताबोराई,
रविवार, १७ ऑक्टोबर १९९९

चि. तिमोआ यास आत्याचे अ. उ. आ.

गुरुवार, दिनांक १४ ऑक्टोबर १९९९. जिनिव्हाच्या घड्याळात सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं, आपल्याकडे रात्रीचे नऊ चाळीस. त्या वेळी तुझ्या त्या जागतिक परिषदेच्या सभापतीने हातोडा आपटला आणि बाकोआचा खडक व त्याच्या भोवतालचा सगळा समुद्र अग्निबाणांची जळून रिकामी झालेली नळकांडी पाडायला मोकळा आहे, असं ठरवून टाकलं. तक्रार करायची तर आधी तारीख आणि वेळ लिहावी, राग मागून लिहावा, असं कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नार्डनी आम्हाला शिकवलं होतं. तारीख-वेळ झाली. आता राग.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे गावच्या मानेआबात सभेला जमलो होतो. छपराची पानं बदलायची आहेत, तर कोणत्या घराने किती पानं आणायची यावर नेहमीची हुज्जत चालली होती. तेवढ्यात रेडिओवर बातम्या लागल्या. नवं तंत्रज्ञान आणि व्यापार यांवरची परिषद यशस्वी झाली म्हणे. सगळ्या देशांनी एकमताने मान्यता दिली म्हणे. कोणीही हरकत घेतली नाही, आणि आपल्या देशाचा प्रतिनिधी हजर होता. हजर होता हे ऐकल्यावर रोतिया माझ्या कानाशी लागली आणि म्हणाली की बाई, तुझा भाचा एवढ्या लांब नुसता कोट मिरवायला गेला होता का? मी तिला म्हटलं की कोट त्याचा नाहीच, उसना आहे. उत्तर म्हणून हे काही खास नव्हतं, पण त्या वेळी मला दुसरं सुचलं नाही.

खडक म्हणजे काय हे तुला मी सांगावं का? ज्या वर्षी विहिरी खारट झाल्या आणि बाबईचे कंद खड्ड्यांतच कुजले, त्या वर्षी अख्खं गाव त्या खडकाच्या मासळीवर जगलं. तू तेव्हा रांगत होतास. तुझ्या अंगावर जे काही मांस आहे, ते तिथलं आहे.

 रेडिओ बंद झाल्यावर दादा, तुझा बाप, उठला, त्याने आपली चटई गुंडाळली आणि तिसऱ्या खांबाची आपल्या घराण्याची जागा सोडून पार कडेला, परगावचे पाहुणे बसतात तिथे जाऊन बसला. म्हातारे नाकिबाए म्हणाले की उरियाम, असं करू नको, पोराचं ऐकून तर घेऊ. दादा म्हणाला की ज्याच्या पोराने गावाला न विचारता समुद्र देऊन टाकला, त्याने खांबाला पाठ लावू नये. मग त्याला खोकला आला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, तिमोआ. तिथे पाऊस थेट अंगावर येतो.

मला एवढंच कळत नाही की आपल्याला तिथे बोलावतात कशाला. मी शाळेत होते तेव्हा आपण मागासलेले होतो, पुढे विकसनशील झालो, आणि मी पेन्शनीत निघाले तरी विकसनशीलच आहोत. एकाच इयत्तेत इतकी वर्षं बसवलेल्या पोराला वर्गात कोण काय विचारणार? झेंड्यांची रांग भरायला मात्र आपण लागतो. बरं, नाही विचारलं. पण न विचारताही तोंड उघडता येतं ना? लहानपणी जेवताना मिटत नव्हतं ते तुझं तोंड जिनिव्हातच नेमकं मिटलं?

पुढच्या विमानाने सविस्तर उत्तर पाठव. ज्याचा कोट त्याला परत कर. राग आहे तसा लोभही आहे, तूर्त दोन्ही एकत्रच पाठवते आहे.

तुझी
मारितीना आत्या


तारावा,
शनिवार, ३० ऑक्टोबर १९९९

ती. मारितीना आत्या हिला तिमोआचा शि. सा. न.

तुझं पत्र मिळालं. कोट परत केला. बाहीवर कॉफीचा डाग पडला आहे, त्याबद्दल वेगळं ऐकून घेतलं.

आत्या, मी समुद्र दिला नाही. काय झालं ते सांगतो. आमचे प्रमुख काउरेसाहेब. बोलायचे ते तेच, मी नुसता कागद सांभाळणारा. जिनिव्हात उतरल्या रात्रीच त्यांच्या मूत्रखड्याने उचल खाल्ली आणि ते हॉटेलात आडवे झाले. त्यांनी मला सांगितलं की तू जाऊन बस, बोलू नकोस, आपला विषय शुक्रवारी आहे, तोवर मी उभा राहतो. पण गुरुवारीच सभापती म्हणाले की पुष्कळांची विमानं शुक्रवारी दुपारची आहेत, तर उरलेले विषय आजच उरकू या.

सभागृहात प्रत्येक देशाची जागा ठरलेली, समोर नावाची पाटी. एका खुर्चीमागे दुसरी खुर्ची. मी मागच्या खुर्चीत बसलो होतो, तर तिथल्या एका बाईने खूण करून मला पुढे बसवलं. पडद्यावर नकाशा लावला. आपला समुद्र त्यात निळा आणि मोकळा होता. जिथे ताबोराई असायला हवी होती, तिथे नकाशाच्या खुणा समजावणारी चौकट छापलेली होती. एक गृहस्थ उठून म्हणाले की पृथ्वीवर यापेक्षा रिकामी जागा नाही. तो माणूस वाईट नव्हता, आत्या. सकाळी त्यानेच मला कॉफीचं यंत्र चालवून दाखवलं होतं.

मानेआबात ज्याला बोलायचा मान नाही पण गोष्ट मान्य नाही, तो काय करतो? तेच मी केलं. दोन्ही हात समोर टेबलावर पालथे ठेवले, बोटं पसरून, आणि गप्प बसलो. आपल्याकडे एकाचे हात असे दिसले तरी नाकिबाए आजोबा बोलणं थांबवतात, त्याच्यापाशी येऊन बसतात, काय दुखतंय ते विचारतात, आणि त्याने हात उचलेपर्यंत गोष्ट पुढे सरकत नाही. सभापतींनी सगळीकडे नजर फिरवली. माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांकडेही पाहिलं, हे मी शपथेवर सांगतो. मला वाटलं, आता थांबतील. ते म्हणाले की कोणाची हरकत दिसत नाही, आणि हातोडा आपटला. सगळे टाळ्या वाजवायला लागले. माझे हात तसेच होते. शेजारच्या देशाच्या बाईंनी माझ्या दंडावर थोपटलं आणि म्हणाल्या की बरं झालं बाई, जेवणाच्या आत आटपलं.

मला इंग्रजी येतं. त्यांच्या नियमांचं पुस्तक मी विमानात वाचलं होतं. तरी हात आपोआप तिथे गेले. काउरेसाहेबांच्या खुर्चीतून मी बोलणार कसा? तू म्हणशील, तोंडाने. पण तुझ्याइतकं बोलणारं ताबोराईत दुसरं कोणी नाही, आणि तूसुद्धा कधी दुसऱ्याच्या जागेवरून बोललेली मला आठवत नाही.

ठरावाच्या कागदात शेवटी एक ओळ आहे की मोबदला म्हणून बाहेरच्या बेटांना उपग्रहाचे टेलिफोन देण्यात येतील. मी ती ओळ तुला सांगणार नव्हतो.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. ते खांबापाशी परत बसेपर्यंत मी गावात पाय ठेवणार नाही. त्यांना पावसातून उठव, तुझं ते ऐकतात. माझ्यावर माया ठेवशील ना, हे विचारायची आज पहिल्यांदा भीती वाटते आहे.

तुझा
तिमोआ


ताबोराई,
रविवार, १४ नोव्हेंबर १९९९

चि. तिमोआ यास आत्याचे अ. उ. आ.

पत्र वाचून दाखवलं. फक्त दादाला नाही, सगळ्या मानेआबाला. तू पालथ्या हातांचं लिहिलंस तिथे आले आणि माझा चष्मा धुरकटला, म्हणून रोतियाच्या सुनेने पुढचं वाचलं. तिला जिनिव्हा हा शब्द काही केल्या म्हणता येईना.

बेट-परिषदेत मी जन्मभर कारकुनी केली. कितीतरी सभांचं इतिवृत्त मी या हाताने लिहिलं आहे. तिथे असं झालं की मी लिहायची, एकाचे हात पालथे, विषय थांबला. यापेक्षा जास्त शब्द कधी लागले नाहीत. शहाण्यासुरत्या माणसांच्या त्या एवढ्या मोठ्या सभेत एवढं लिहून घेणारी एक कारकून नसावी?

म्हाताऱ्या मंडळींनी लगेच ठरवलं की सभापतीला कळवायचं. नाकिबाएंनी मजकूर सांगितला आणि मी इंग्रजीत लिहिला. त्यांनी सुरुवात त्यांच्या खापरपणजोबांपासून केली होती. मी म्हटलं की आजोबा, त्या माणसाला जेवायला जायचं असतं. मग एवढंच लिहिलं की आमच्या मुलाचे हात पालथे होते, तेव्हा विषय थांबलेला आहे, तो पुन्हा घ्यावा आणि मुलाला विचारावं. तो कागद सोबत आहे. काउरेसाहेबांच्या शिक्क्यानिशी पुढे पाठव. त्यांच्या मूत्रखड्याला माझा नमस्कार सांग.

रोतिया घरी येऊन काकवीची बाटली ठेवून गेली. माफी वगैरे मागितली नाही, नुसतं म्हणाली की पोरगा बारीक झाला असेल. मी बाटली ठेवून घेतली.

पण दादा हलला नाही. तो म्हणाला की पोरगा म्हणतो आहे हे ऐकलं, पण पोरगा स्वतःबद्दलच म्हणतो आहे. त्याचे हात दुसऱ्या कोणी पाहिले? तिऱ्हाइताने सांगितलं की मी उठेन. मी त्याला म्हटलं की तू बाप आहेस की मॅजिस्ट्रेट? तो म्हणाला की बाप आहे म्हणूनच, नाहीतर केव्हाच मान्य केलं असतं. खोकला वाढला आहे. रात्री मी त्याच्या छातीला खोबरेल चोळते तेव्हा तो डोळे मिटून पडून राहतो आणि मध्येच विचारतो की तिकडे फार थंडी असेल का गं, त्याने आत काही घातलं होतं का. असा आहे तुझा मॅजिस्ट्रेट.

पत्र आल्यावर जीव थोडा भांड्यात पडला, उरलेला तू आल्यावर पडेल.

तुझी
आत्या


तारावा,
बुधवार, २४ नोव्हेंबर १९९९

ती. आत्या हिला तिमोआचा शि. सा. न.

घाईत लिहितो आहे, विमान सुटायचं आहे. आत्या, तिऱ्हाईत सापडला! परिषदेने सगळ्यांना एक छापील पुस्तिका पाठवली आहे. तिच्या मधल्या पानावर हातोडा आपटला त्या क्षणाचा फोटो आहे. सगळं सभागृह टाळ्या वाजवतं आहे. डावीकडून चौथ्या रांगेत बघ. आपल्या नावाची पाटी, पाटीमागे मी, आणि टेबलावर माझे दोन हात. पालथे. बोटंसुद्धा मोजता येतात. ते पान कापून सोबत पाठवतो. बाबांना दाखव. आता त्यांना काही म्हणायला जागा नाही. मी खोटं बोललो नाही, गोष्ट थांबलेली होती, आजही थांबलेलीच आहे.

मंडळींचा कागद काउरेसाहेबांनी त्याच दिवशी पाठवला. ते म्हणाले की तुझ्या आत्यासारखं इंग्रजी आमच्या खात्यात कोणाला येत नाही. उत्तर यायला वेळ लागेल, पण येईल असं ते म्हणतात.

एक महत्त्वाचं. डिसेंबरच्या सात ते नऊ तारखांमध्ये केव्हाही पहिला अग्निबाण सुटणार आहे. त्या तीन दिवसांत कोणी बाकोआकडे जायचं नाही, रेडिओवरही सांगतील. उत्तर येईपर्यंत आपण सांभाळून राहायला हवं. बाबांना हे नीट सांग. नाताळला मी घरी येतो आहे. डाळिंबी रंगाचा शर्ट घेतला आहे, तू नावं ठेवशील असा. काकवी संपवू नका.

तुझ्या शिव्यांची सवय झालेला
तिमोआ


ताबोराई,
गुरुवार, १६ डिसेंबर १९९९

चि. तिमोआ यास आत्याचे आशीर्वाद.

तार मिळालीच असेल. तारेत मावत नाही ते लिहिते.

तुझा फोटो आला त्या संध्याकाळी मी तो दादाच्या मांडीवर ठेवला. त्याने कंदील जवळ ओढला.  मग स्वतःचा हात फोटोशेजारी पालथा ठेवला आणि मला म्हणाला की करंगळी बघ, वाकडी, आईसारखी. माझी पण तशीच आहे, तुला माहीत आहे. नाकिबाए स्वतः उठून कडेला आले, दादाचा दंड धरला आणि त्याला तिसऱ्या खांबापाशी नेऊन बसवलं. त्याने पाठ टेकली. तो फोटो सगळ्यांच्या हातून फिरला आणि परत आला तेव्हा तेलकट झाला होता. ते पाच-सहा दिवस दादासारखा सुखी माणूस बेटावर नव्हता. खोकलासुद्धा थांबला होता. जो भेटेल त्याला विचारायचा की माझ्या पोराने जिनिव्हात काय केलं ते तुला कळलं का. ज्यांनी त्याच्याच शेजारी बसून ऐकलं होतं त्यांनाही विचारायचा.

मग रेडिओवर सांगायला लागले की खडक तीन दिवस बंद. मी तुझं पत्र पूर्ण वाचून दाखवलं होतं, शेवटचा भागही, आणि तो पुन्हाही वाचून दाखवला. दादा म्हणाला की दोन्ही खरं कसं असेल? हात पालथे होते तर गोष्ट थांबलेली आहे, आणि गोष्ट थांबलेली आहे तर खडक उघडा आहे. खडक बंद मानायचा तर पोराने समुद्र दिला असं होतं. मी घरी बसलो तर माझ्या पोराला मीच खोटं ठरवलं.

सोमवारी सकाळी त्याने होडी पाण्यात लोटली. मी गुडघाभर पाण्यात त्याच्या मागे गेले. मी म्हटलं की दादा, वरून लोखंड पडेल. तो म्हणाला की ठरलेलंच नाही, तर पाडेल कोण? मी म्हटलं की ती माणसं आपल्या मानेआबातली नाहीत, त्यांना पालथे हात समजत नाहीत. तो म्हणाला की मग आपल्या पोराला त्यांनी तिथे बसवलं कशाला?

  यावर मी काय म्हटलं, माहीत आहे? मी म्हटलं की टोपी तरी घाल. त्याने घातली. दोघं-तिघं जण बरोबर जायला निघाले होते, त्यांना त्याने परत पाठवलं. म्हणाला की हे आमच्या घरचं काम आहे, गुरुवारी मासळी घेऊन येतो.

मंगळवारी सकाळी पूर्वेला आभाळात एक पांढरी रेघ उठली. सरळ, बारीक, दिसायला सुंदर. शाळेतली पोरं टाळ्या वाजवत होती.

गुरुवारी तो आला नाही. शोधाचं विमान शनिवार-रविवार फिरलं, त्याला काही दिसलं नाही. काल पलीकडच्या बेटावर त्याच्या होडीचा बाजूचा तरंगता दांडा लागला. मोडलेला नाही, जळलेला नाही, दोऱ्या तेवढ्या तुटल्या आहेत. दादाला समुद्राने नेलं की वरून पडलेल्याने, मला माहीत नाही. ज्यांना माहीत असेल त्यांना विचारलं, तर ते म्हणतात की त्या भागात कोणी माणूस नव्हता, कारण तो भाग रिकामा ठेवण्याला सर्वांची संमती होती.

फोटो तो बरोबर घेऊन गेला.

शर्ट कसलाही असो, ये. मला आज रागावता येत नाही, तेवढं समजून घे.

आत्या


तारावा,
शनिवार, ८ जानेवारी २०००

ती. आत्या हिला तिमोआचा शि. सा. न.

नाताळला मी बोटीपर्यंत आलो होतो. धक्क्यावर आपल्या गावची माणसं दिसली, त्यांनी माझ्यासाठी जागा करून दिली, एकाने माझी पिशवी घेतली. मी पिशवी काढून घेतली आणि परत फिरलो. तुला कोणीतरी सांगितलं असेलच.

जिनिव्हाचं उत्तर आलं आहे. चांगला जाड कागद आहे. ते म्हणतात की मंडळींच्या पत्राबद्दल आभार. कार्यपद्धतीच्या नियमानुसार सभागृहात हरकत तोंडी किंवा पाटी उभी करून घ्यावी लागते, मौन ही संमती समजली जाते, आणि सदर ठराव अंतिम आहे. शेवटी लिहिलं आहे की विकसनशील देशांच्या मोलाच्या सहभागाशिवाय ही परिषद यशस्वी झाली नसती. तू वाचू नकोस. किंवा वाच. तुला वाचल्याशिवाय राहवणार नाही.

पाटी उभी करायची होती, आत्या. हाताच्या अंतरावर होती. दोन बोटांनी उचलली गेली असती.

त्याचंही मला इतकं नाही. त्यांनी माझे हात पाहिले आणि त्यांना काही कळलं नाही, हे मी सोसलं असतं. पण बाबांना कळलं. ज्याला कळलं तोच गेला. मी तो फोटो पाठवला नसता तर ते कडेला बसले असते, रागावून, खोकत, पण बसलेले असते. गोष्ट थांबलेलीच आहे, हे मी लिहिलं. वर तिऱ्हाईत सापडला म्हणून उद्गारचिन्हही टाकलं. त्यांना मीच होडीत बसवलं.

मी खात्याचा राजीनामा दिला आहे. एका मालवाहू जहाजावर खलाशाचं काम मिळतं आहे, दोन वर्षांचा करार आहे, फेब्रुवारीच्या शेवटी निघायचं. तिसऱ्या खांबापाशी नाकिबाए आजोबांच्या नातवाला बसू दे. तो चांगला आहे. त्या जागेवर मला बसता येणार नाही. माझे हात कुठे ठेवू तिथे?

यानंतर काही दिवस मी लिहिणार नाही. रागावू नको. माझी आठवण काढू नको असं म्हणणार होतो, पण ते तुला जमणार नाही.

तिमोआ


ताबोराई,
रविवार, २३ जानेवारी २०००

चि. तिमोआ यास आत्याचे अनेक आशीर्वाद, आणि हे पत्र शेवटपर्यंत वाचण्याची ताकीद.

जिनिव्हाचं उत्तर मी वाचलं. मानेआबात वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. मोलाचा सहभाग इथे आले आणि म्हातारी मंडळी एकमेकांकडे पाहायला लागली. नाकिबाएंनी विचारलं की मोलाचा म्हणजे काय. मी म्हटलं की उरियाम. 

परवाच्या बोटीने टेलिफोन आला. बेट-परिषदेच्या ओसरीवर मोठी पांढरी थाळी उभी केली आहे, कोंबड्या तिच्या सावलीत बसतात. बसवायला आलेला माणूस म्हणाला की आजी, पहिला फोन तुमचा, फुकट, कोणाला लावू? मी म्हटलं की ज्याला लावायचा तो फोनवर गप्प बसेल, आणि मला त्याचा श्वास तेवढा ऐकू येईल. ते मला झेपायचं नाही. म्हणून लिहिते आहे.

खलाशी व्हायचं म्हणतोस. मिशनच्या होडीतून खाडी ओलांडताना फादरच्या झग्यावर ओकणारा मुलगा तू. जहाजवाल्यांना हे सांगितलंस का?

आता नीट ऐक. दादाला तू होडीत बसवलं नाहीस. त्याला मी कमरेला धरलं होतं, नाकिबाएंनी हाक मारली होती, रेडिओ दिवसभर ओरडत होता. तो कोणाचं ऐकून थांबला असता तर आमचं थांबला असता. तू त्याला फक्त खरं कळवलंस. खरं कळवण्याची चूक माझ्यासमोर कबूल करू नको, ती मी ऐकून घेणार नाही. आणि तो कडेला बसून राहिला असता म्हणतोस, तर तिथे तो कसा होता ते मी पाहिलं आहे, तू नाही. खांबाला पाठ टेकल्यावर कसा होता तेही मीच पाहिलं आहे. यातलं कोणतं तू त्याच्याकडून काढून घेतलं असतंस?

मला वाईट याचं वाटतं, तिमोआ, की मी त्या लोकांवर रागावायची ठरवते आणि रागावताच येत नाही. सकाळी उठून चहाचे दोन पेले मांडते. रात्री खोबरेलाची बाटली हातात घेते आणि मग आठवतं. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं की राग हवा आणि तो मिळू नये.

मानेआबाची रीत तुला ठाऊक आहे. सभा सुरू करताना नाकिबाए एकेका खांबाचं नाव घेतात आणि त्या खांबाचा माणूस ओ देतो. तिसऱ्या खांबाचं नाव घेतात आणि थांबतात. बायकांच्या बाजूने मी ओ देते. ते माझ्याकडे बघतात, मान हलवतात, आणि पुढे जातात. माझी ओ ते धरत नाहीत. त्यांचा दोष नाही, मलाही माझी ओ ऐकू येत नाही हल्ली. पुढच्या महिन्यात रविवारी, तेरा तारखेला, मिस्सानंतर मंडळी बसणार आहेत. आपल्या घरचा माणूस त्या दिवशी जागेवर नसला तर शेजारच्या दोन घराण्यांच्या चटया पुढे सरकतील आणि त्या खांबाचं नाव घेणं बंद होईल. नाकिबाएंचा नातू चांगला आहे, पण तो आपल्या जागेवर बसणार नाही. मी त्याला विचारलं. तो म्हणाला की ती तिमोआची आहे.

हात कुठे ठेवू असं विचारलंस. वाटेल तिथे ठेव. खिशात घाल.

आता माझं मागणं. तू येणार की नाही, हे मला तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीनिशी हवं. तारावाची बोट शनिवारी, १२ फेब्रुवारी २००० रोजी, दुपारी चार वाजता आपल्या धक्क्याला लागते. तुझं उत्तर त्या बोटीत असलं पाहिजे. हो लिही किंवा नाही लिही. नाही लिहिलंस तर मी ते दुसऱ्या दिवशी स्वतः उभी राहून वाचून दाखवीन आणि दादाची चटई घरी आणीन. माया त्याने तसूभर कमी होणार नाही. पण पत्र न पाठवता बसून राहायचं मनात असेल, तर ते चालणार नाही. तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ जिनिव्हाने हो असा लावला. दादाने नाही असा लावला. मी कोणताच लावणार नाही. शनिवारी चार वाजता मी धक्क्यावर उभी आहे, लेखी उत्तर दे.

मारितीना आत्या